पाण्यातलं शिसं

“‘वसतिगृहाच्या पाण्यात शिसं आहे!’ काय ओळ आहे, सर! शिसं म्हणजे आजच्या तरुणाच्या मनावरचं ओझं!” माझ्या कवितेला पारितोषिक देताना प्राचार्य गहिवरून बोलत होते. आमचा अख्खा साहित्य विभाग माना डोलवत होता.

माझं डोकं सणकलं. माईक ओढून घेत म्हणालो, “ओझंबिझं काही नाही, शिसंच आहे! रसायनशास्त्राच्या मॅडमबरोबर मी स्वतः ते पाणी तपासलंय. तुम्हाला सांगायला आलो, तर ‘कवीनं प्रयोगशाळेत कशाला लुडबुड करायची?’ म्हणून हसून वाटेला लावलंत. म्हणून कविता लिहिली. पोरं अजून तेच पाणी पितायत!”

“वा! काय धग आहे!” प्राचार्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बोलून बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. समोरचा पेला उचलून त्यांनी तोंडाला लावला.

“सावकाश प्या,” मी म्हणालो. “वसतिगृहाच्या नळावरून मीच भरून आणलाय.”

त्यांनी तोंडातला घोट थेट माझ्या मानपत्रावर थुंकला.

तीस वर्षं कविता लिहितोय. कुणाला तरी नीट कळली, ती ही पहिलीच.