गॅसची नळी

सदुसष्ट साली चाकसू गावच्या जत्रेत देवीची लस टोचायला निघालेली फिरत्या दवाखान्याची गाडी जयपुरातच अडली. सुया उकळायच्या शेगडीची गॅसनळी तडकली होती; दुसरी मुंबईहून यायला पंधरवडा लागणार होता. "चिकटपट्टी लावून चालेल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नाही. बंद गाडीत जिवाशी खेळ होईल," मिस्त्री नीलकंठराव म्हणाले. दुपारी त्यांनी हे मान खाली घालून पत्नीला, सुमित्राबाईंना, सांगितलं. तशीच नळी घरच्या गॅसला होती. पण धुरानं खोकणाऱ्या बायकोला तो दोन वर्षं थांबून नुकताच मिळाला होता. सुमित्राबाईंनी सिलिंडर बंद करून पाना पुढे केला. "काढा." "अगं, तुझा खोकला..." "माझं निभेल. तिथल्या लेकरांचं अडेल." नळी जोडली, साबणाच्या पाण्यानं तपासली, गाडी निघाली. संध्याकाळी चुलीचा धूर भरताच त्यांनी बायकोला अंगणात बसवलं आणि प्रथमच पोळपाट पुढ्यात ओढला.