वॉर्ड सातची पाटी

बहिणीची मुलगी वॉर्ड सातमधून निवडून आली. मैत्रिणीसोबत उघडपणे संसार थाटलेली इथली ही पहिलीच नगरसेविका. मी जन्मभर लोकांच्या नावाच्या पाट्या केल्या, पण भाचीची पितळी पाटी घासताना ऊर भरून आला. खाली सभागृहात तिचा शपथविधी सुरू झाला, तसा मी ड्रिल घेऊन वर तिच्या केबिनपाशी पोचलो.

हेडक्लार्क धावतच आले. "काका, भिंतीला भोकं पाडू नका. टेपनं चिकटवा."

"टेपनं? अहो, पाच वर्षं टिकायचीय! बाकी सगळ्यांच्या मीच स्क्रूनं बसवल्यात."

खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "साहेबांनी आणखी एक पाटी सांगितलीय. पुढच्या महिन्यात लागेल."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पोटनिवडणूक कार्यालय, वॉर्ड सात'.

"पण सातची जागा रिकामी कुठंय?" मी चिठ्ठी पुन्हा वाचली. खाली भाचीसाठी टाळ्या वाजत होत्या.


"म्हणून तर सांगतोय काका," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "भोकं पाडू नका."