फोटो होईपर्यंत

कापसाची पोती. कोळशाच्या मिशा. सोनपेठच्या बाजारातली टिकल्यांची बंदूक. शिवकन्याचा दम्याचा पंप माझ्या खिशात, कारण शत्रूच्या गणवेशाला खिसाच नव्हता. गॅदरिंगच्या नाटकातलं युद्ध मी जिंकलं होतं. मेलेल्या शत्रूच्या, म्हणजे पहिली ते दहावी माझ्याच बाकावर बसलेल्या शिवकन्याच्या छातीवर माझा बूट होता, दोन्ही हातांत झेंडा. "पाय काढ गं, दम लागायलाय," ती पुटपुटली. विंगेतून सर खेकसले, "हलू नको! पाहुणे फोटो काढायलेत." तिची छाती बुटाखाली शिट्टीसारखी वाजू लागली. जिंकणाराही असा अडकतो, हे नाटकात नव्हतं. मी पाय काढला, विंगेकडे धावून झेंडा सरांच्या हातात कोंबला आणि परत येऊन पंप तिच्या तोंडाला लावला. "दुश्मनाला औषध पाजायलीस व्हय गं!" मंडपातून कुणीतरी ओरडलं. शत्रू चिठ्ठ्या टाकून ठरला होता. माझं नाव निघालं, मी रडले, म्हणून शिवकन्या शत्रू झाली.