उन्हाळी मठातला वारा

बाळंतिणीच्या खोलीतला वारा एकाएकी थांबला. धनीबाईनं पंख्याकडे पाहिलंही नाही. लाइन सकाळपासूनच गेलेली. तिनं भिंतीतल्या झरोक्याला हात लावला. काही नाही.

झरी जामणीकडच्या टेकडीवरची ती इमारत म्हणजे मठाचा जुना उन्हाळी मुक्काम. त्या काळच्या महाराजांना वैशाखात तपश्चर्या करायची असे, पण घाम न येता. म्हणून भिंती दोन हात जाड बांधल्या आणि त्यांच्या पोटातून गच्चीपासून तळघरातल्या हौदापर्यंत पोकळी सोडली. वारा वरून शिरायचा, पाण्यावरून फिरून गार व्हायचा आणि खालच्या खोलीत निघायचा. दगड वाहिले शेजारच्या बंजारा तांड्याच्या बैलांनी. वारा खाल्ला महाराजांनी. आता खाली सरकारी दवाखाना होता. वर, उन्हाळ्यापुरते, नवे महाराज आणि त्यांचा जनरेटरवरचा एसी.

धनीबाईची सून वर्षा हिच्या कुशीतलं लेकरू लालबुंद झालं होतं. दूध ओढत नव्हतं.

"वारा पाहिजे त्याला," ओला फडका बदलत रजनी सिस्टर म्हणाली, "नाहीतर हातचं जाईल."

मठाचे कारभारी देवराव धनीबाईला जिन्यातच सापडले.

"कारभारी, गच्चीवरच्या भोकात काय कोंबलं?"

"गोधड्या. पोट्ट्याचं रडणं त्याच वाटेनं वर येते, महाराजाचं ध्यान मोडते. दोन दिवस सोसा, बाई."

"लेकराचं वयच दोन दिवसाचं हाय!"

"मंग त्याले कुठं वाऱ्याची सवय लागली असन," देवराव म्हणाले, आणि त्यांनी जिन्याचं दार आतून लावून घेतलं.

धनीबाईला राग इतका आला की शिवीही आठवेना. तेवढ्यात तांड्यातल्या बाया लेकरू पाहायला आल्या. आपली माणसं भेटली की गळ्यात पडून सुरात रडायचं, ही तांड्यातल्या बायांची रीत. भेट आनंदाची असली तरी. धनीबाईनं त्यांना खोलीत नेलंच नाही. अंगणात, महाराजांच्या खिडकीखाली नेलं, आणि त्यांच्यातल्या गंगीच्या गळ्यात पडून जो सूर लावला, तो सगळ्यांनी उचलला.

दर्शनाच्या रांगेत कुजबुज झाली. एकानं टोपी काढली. एकानं पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला.

देवराव धडधडत खाली आले. "अवो, कायले रडून राह्यल्या? लोकं म्हणून राह्यले, महाराज गेले! कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," धनीबाई म्हणाली, आणि तिनं पुढची ओळ उचलली.