बंबातलं पत्र

मॅट्रिक झालेल्या दादाच्या नोकरीच्या अर्जाच्या उत्तरात ‘रिग्रेट’ दिसलं, की पुढचं लांबलचक इंग्रजी न वाचता पत्र पेटत्या बंबात घालायचं, हा मुलुंडच्या त्या बिऱ्हाडातला रिवाजच होता. आजचंही त्याने फेकलं. पण नववीतल्या प्रेमाने झडप घालून बाहेर काढलं. “अगं, हात भाजेल!” आई ओरडली. आठ ओळींचं एकच वाक्य! ‘आधी मुख्य क्रियापद शोधा,’ इंग्रजीच्या बाई सांगायच्या. प्रेमाने करपलेल्या कागदावर बोट फिरवलं आणि खोलीतून खोली उघडावी तसं वाक्य उघडत गेलं. दीड खोलीत वाढलेली ती थक्कच झाली. “दादा, रिग्रेट नुसतं उंबऱ्यावर बसलंय रे! ‘ती जागा भरली याचा खेद असला, तरी चेंबूरच्या कारखान्यात तुमची नेमणूक करतोय’!” “एवढं सगळं एका वाक्यात?” दादाने पत्र ओढून घेतलं. आई बंबाकडे बघत राहिली. “आणि आधीची पत्रं गं?”