मधला निरोप्या

भंगारवाला ट्रॉली घेऊन दारात उभा होता. हॉस्पिटलच्या साहेबांनी त्याला ‘पाचच मिनिटं’ असं तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

रक्त तपासणीच्या खोलीत ती काळ्या स्क्रीनसमोर बसली होती. शेजारच्या यंत्राने सकाळीच चाळीस नळ्या तपासून ठेवल्या होत्या. यंत्राचे आकडे घेणारा जुना प्रोग्राम आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवणारा नवा प्रोग्राम, दोघं एकाच कॉम्प्युटरवर राहत होते आणि दोघांतून विस्तव जात नव्हता. बाराच्या आत त्यांचं जमलं तर ठीक, नाहीतर यंत्र आणि जुना प्रोग्राम दोन्ही ट्रॉलीवर, असा साहेबांचा निकाल होता.

जुना प्रोग्राम तिच्या बाबांनी लिहिला होता. याच खोलीत, तिच्या जन्माच्या वर्षी. चारचौघांना दाखवावं असं बाबांनी आयुष्यात तेवढंच केलं होतं.

तिने दोघांच्या मध्ये एक निरोप्या बसवला होता. एका ओळीची आज्ञा: इकडचा निरोप उचल, तिकडे नेऊन दे. नवा प्रोग्राम कडीकुलपात राहणारा, म्हणून वाटेत चौकीही ठेवली होती. ज्याला परवानगी, तेवढंच जाईल.

तिने एंटर दाबलं. स्क्रीनवर ओळ उमटली: एक निरोप पोहोचवला.

मग जुन्या प्रोग्रामने मिठाची गुळणी धरली. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा एक, आणि पुन्हा गप्प.

“म्हातारा झालाय हो तो,” साहेब म्हणाले. जरा मायेनेच म्हणाले, म्हणून तिला जास्त राग आला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बाबा.

“झालं का गं?”

“एक निरोप जातो, बाबा. पुढे बोलतच नाही.”

“बरं, ऐक. मी तो लिहीत होतो ना, तेव्हा काय झालं...” आणि बाबा थांबले.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. फोनमध्ये शांतता.

“बाबा?”

“अगं, हं म्हण की! तू हं म्हटल्याशिवाय मी पुढे कसा बोलू? ऐकतेयस की नाही, मला कसं कळणार?”

लहानपणी ती झोपली, की बाबांची गोष्ट तिथल्या तिथे थांबायची आणि दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच वाक्यापासून पुढे सुरू व्हायची.

तिचे हात कीबोर्डवर थबकले. निरोप्याला तिने जायची वाट दिली होती, परतीची दिलीच नव्हती. नवा प्रोग्राम इमानदारीत ‘मिळालं’ म्हणत होता आणि तिचीच चौकी ते अडवत होती. जुना बिचारा हुंकाराची वाट बघत बसला होता.

“बाबा, फोन ठेवू नका!”

आज्ञेत तिने एक परवानगी वाढवली: उत्तर परत येऊ दे. एंटर.

दोन. तीन. सात. मग ओळी इतक्या भराभर पळायला लागल्या की मोजणं सोडून ती नुसती बघत राहिली. इतकी वर्षं कागदी रिपोर्ट घेऊन तीन जिने चढणाऱ्या मावशी वरच्या मजल्याशी फोनवर बोलत होत्या. त्या ओरडल्याच, “दिसले! वर सगळे दिसले!”

बाराला सहा मिनिटं होती. साहेबांनी घड्याळ बघितलं, यंत्र बघितलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

“मग मी रिकामी ट्रॉली नेऊ?” भंगारवाल्याने विचारलं.

“रिकामी कशाला?” मावशींनी रिपोर्ट वाहायचा पत्र्याचा डबा आपल्या हाताने ट्रॉलीवर आदळला. “हा न्या. माझे गुडघे यानेच खाल्लेत.”

तिने मोबाइल पुन्हा कानाला लावला.

“बाबा, चाळीसच्या चाळीस गेले,” ती म्हणाली आणि मुद्दाम थांबली.

पलीकडे बाबांनी नाक ओढलं.

“हं,” ते म्हणाले.