केकमधला राजा

लदीना दुकानात शिरली, तर आई आधीच खिडकीजवळच्या टेबलाशी बसून कॉफी पीत होती.

"तुझी गाडी यायला अजून वेळ आहे ना?" लदीनानं तिच्या गालाला गाल लावत विचारलं.

"जागा मिळायला नको? आज सहा जानेवारी." आईनं गल्ल्याकडे बोट दाखवलं. कूर शहरातल्या या दुकानातल्या चॉकलेटांसाठी लोक कुठून कुठून येतात. ती रांग निराळीच. पण आज गावातलेही उभे होते, तीन राजांच्या सणाचा, पोटात एक इवला राजा लपवलेला केक न्यायला.

लदीना बाझेलहून आली होती, गिएरी झुरिकहून. तो बूट आपटत, बर्फ झाडत आला आणि कोट खुंटीला अडकवून खाली बसला.

"वर गावात किती बर्फ पडलंय?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ असेल," आई म्हणाली.

वडील होते तोवर हे तिघं त्यांच्यासोबत दरवर्षी डोंगरातल्या गावातून खाली उतरून याच दुकानात यायचे. वडील गेले आणि बार्ला कादूफ, म्हणजे आई, त्या मोठ्या लाकडी घरात एकटी उरली. गेल्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून बहीणभावाचं भांडण चालू होतं. गिएरी म्हणे, वृद्धाश्रम. लदीना म्हणे, घर. वृद्धाश्रमात आता एक खोली रिकामी होत होती, या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं.

नाताळला गिएरीच्या घरी आवाज फारच चढले, तेव्हा आईनं चमचा ताटलीवर ठेवला.

"मी काय कपाट आहे? इथे ठेवू की तिथे ठेवू चाललंय मघापासून. सहा तारखेला केक खाऊ. ज्याच्या तुकड्यात राजा निघेल, त्याचा हुकूम. तिघांनीही ऐकायचा. नंतर कुणी ब्र काढायचा नाही."

दोघांनीही शब्द दिला होता.

"केक मी आणते," म्हणत लदीना उठली.

गल्ल्यावरच्या उर्सिनानं केक दिला. मधे गोड पावाचा मोठा गोळा, भोवती तसेच छोटे, वर खडीसाखर, बाजूला सोनेरी कागदाचा मुकुट. लदीनानं कागद नीट करण्याच्या मिषानं कडा जराशी उचलून खाली पाहिलं. लहानपणीची चोरी. ज्या गोळ्यात प्लास्टिकचा राजा खुपसतात, त्याच्या बुडाशी चिमटा काढल्यासारखी खूण राहते. ती तिला दिसली.

पण ताटली टेबलावर टेकली, तेव्हा खुणेचा गोळा नेमका गिएरीच्या पुढ्यात आला.

लदीनाच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर उभं राहिलं. भिंतीतली शेगडी, बाकाखाली झोपणारं मांजर. त्या घरात ती स्वतः कित्येक वर्षांत सलग चार रात्री राहिली नव्हती, पण ते तिथे असायलाच हवं, असं तिला वाटे.

"मांजर बरंय ना?" तिनं वेळ काढायला विचारलं.

"शेजाऱ्यांकडे रमलंय. त्यांच्याकडे दूध जास्त मिळतं."

"आणि घरचा फोन कधी दुरुस्त करणार? नोव्हेंबरपासून तुझ्या मोबाईलवरच बोलतोय आपण."

"मोबाईल बरा पडतो."

"बघ," गिएरी म्हणाला. "फोन बंद, मांजरसुद्धा घर सोडून गेलं. आणि आमच्या ताईसाहेब वर्षातून दोनदा येऊन आम्हाला डोंगरावरच्या हवेचे गुण सांगणार."

"तू तर रोज जातोस जसा."

"पुरे," आई म्हणाली. तिनं ताटलीच्या कडेला बोट लावलं. "तुमचे बाबा आधी ताटली फिरवायचे. आठवतं?"

लदीनाला आठवत नव्हतं. ताटली सावकाश फिरली आणि थांबली. खुणेचा गोळा तिच्यासमोर होता.

तिनं तो उचलला. गिएरीनं त्याचा घेतला, आईनं तिचा. लदीनाच्या दाताला काहीतरी कडक लागलं. तिनं ते जिभेवरून काढून बशीत ठेवलं. इवलासा पांढरा राजा.

गिएरीनं मुकुट उचलून बहिणीच्या डोक्यावर ठेवला, जरा वाकडाच.

"बोला महाराणी."

"आईला कुणी हलवायचं नाही," लदीना म्हणाली. "ती आहे तिथेच राहील. वृद्धाश्रमाला आज नाही म्हणून कळवायचं."

"ऐकलंस गिएरी?" आई म्हणाली.

"ऐकलं. दिलेला शब्द मोडणार नाही मी." तो आईकडे वळला. "पण पुन्हा पडलीस तर, आई?"

"कुणीतरी उचलेल की."

"तिथे कोण आहे उचलायला?"

आई टेबलावरचा चुरा तळहातावर गोळा करत राहिली. लदीनाला जिंकल्यासारखं वाटत होतं, पण भावाकडे बघवत नव्हतं.

"चल, तुला गाडीत बसवून देतो," म्हणत गिएरी उठला. खुंटीवर दोन कोट होते, त्याचा आणि लदीनाचा. दोन्ही ओले. "तुझा कोट कुठाय?"

"आणला नाही."

"या थंडीत?"

लदीनानं टेबलाखाली पाहिलं. आईचे बूट कोरडे होते.

तेवढ्यात उर्सिना गल्ला सोडून आली आणि तिनं लाकडी बिल्ला लावलेली एक किल्ली आईसमोर ठेवली. "बरं झालं तुम्ही खाली भेटलात, कादूफबाई, माझे दोन जिने वाचले. ही आपल्या इमारतीच्या कपडे धुण्याच्या सामाईक खोलीची किल्ली. उद्या तुमची पाळी आहे. नोव्हेंबरात इथे वर राहायला आल्या आल्या चुकवलीत, तशी चुकवू नका हं."